पाणथळ ओळखून हद्द आखणाऱ्यासाठी राज्याचं प्रमाणपत्र असतं का? (सोलापूर)

माळरान७५

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झालंय, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं. सोलापूर जिल्ह्यात पाणथळ जागा ओळखून त्यांची हद्द आखून देण्याचं काम करायचं आहे. अमेरिकेत मिनेसोटा, न्यू हॅम्पशायर, व्हर्जिनिया अशा काही राज्यांत या कामासाठी राज्याचंच प्रमाणपत्र मिळतं असं वाचलं. आपल्याकडे तसं काही आहे का? नसेल तर नकाशावर सही कुणाची चालते? आणि तिकडचा ऑनलाइन कोर्स करून इथे काही फायदा होईल का?

उदाहरण म्हणून एक जागा देतो. उत्तर सोलापूर तालुक्यात साधारण साडेतीन हेक्टर खोलगट काळं रान आहे. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर पाणी उभं असतं आणि कडेला पाणकणीस आहे. वरच्या अंगाला शंभर मीटरवर पाझर तलावाचा बांध आहे. राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात ही जागा दिसते, पण तिथली कडा शेजारच्या ज्वारीत चांगलीच घुसलेली आहे. खरी हद्द काढायची कशी?

गटनकाशा

आधी प्रमाणपत्राचं सांगतो. व्यक्तीला "पाणथळ हद्द आखणारा" म्हणून राज्याने परवाना द्यावा अशी व्यवस्था महाराष्ट्रात नाही. कुणी तसा कोर्स विकत असेल तर त्या कागदाला कायद्यात जागा नाही, एवढं लक्षात ठेवा.

जवळचं म्हणावं असं क्यूसीआय-नाबेटचं (भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाचं) मानांकन आहे, पण ते पर्यावरणीय आघात अहवाल करणाऱ्या संस्थेला मिळतं. त्या संस्थेत बारा कार्यक्षेत्रांचे तज्ज्ञ मंजूर करून घ्यावे लागतात. तुमच्या कामाच्या जवळची कार्यक्षेत्रं म्हणजे परिसंस्था-जैवविविधता आणि भूवापर. एकट्याने स्वतःच्या नावावर ते घेता येत नाही, संस्थेतूनच जावं लागतं. पाणथळाच्या हद्दीसाठी ते सक्तीचंही नाही. किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या रेषा आखायला केंद्राने ठराविक संस्था नेमल्या आहेत, तीही संस्थांचीच यादी आहे. सोलापूरला तिचा संबंध नाही.

आता सही. पाणथळ जमीन (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २६ सप्टेंबर २०१७ ला आले. त्यात प्रत्येक पाणथळासाठी संक्षिप्त दस्तऐवज मागितला आहे: अक्षांश-रेखांशांसह डिजिटल नकाशा, जागेवर जाऊन केलेली पडताळणी, प्रभावक्षेत्राचा भूवापर नकाशा, जागेचं परिसंस्थीय वर्णन, लोकांचे आधीपासूनचे हक्क, आणि कोणत्या कामांना मुभा व कोणत्यांवर नियंत्रण याच्या याद्या. राज्य पाणथळ प्राधिकरण त्यावरून शिफारस करतं आणि सरकार अधिसूचना काढतं. मसुद्यावर हरकतींसाठी ६० दिवस असतात. शिफारशीपासून अंतिम अधिसूचनेपर्यंतची मुदत २४० दिवसांची आहे. या सगळ्यात खासगी माणसाची सही कुठेच लागत नाही. तुमचं काम म्हणजे पुरावा तयार करणं.

जमिनीच्या हद्दीपुरती चालणारी सही भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाची. म्हणून तुमचा पाण्याचा बहुभुज आणि मोजणीची "क" प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) एकमेकांवर बसली पाहिजे. ती बसली नाही तर पहिल्याच हरकतीत फाइल परत येते. गट नकाशा भूसंदर्भित करताना (अक्षांश-रेखांशांवर बसवताना) बांधाचे कोपरे, विहिरी, गावशिवेचे दगड अशा जागेवर सापडणाऱ्या खुणा घ्या. झाड किंवा झोपडी घेऊ नका. निदान आठ-दहा खुणा चारही बाजूंना पसरलेल्या हव्यात. सगळ्या एकाच कोपऱ्यात घेतल्या की उरलेली चूक संगणकावर कमी दिसते आणि समोरच्या टोकाला गट वीस मीटर सरकलेला असतो.

अंतर आणि क्षेत्र मोजायला यूटीएम ४३ उत्तर (मीटरमध्ये मोजणारी नकाशापद्धत) वापरा, सोलापूर त्यातच येतं. जुन्या टोपोशीटचं दत्तप्रतल (डेटम, म्हणजे मोजणीचा आधार) एव्हरेस्ट आहे. ते डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसचं दत्तप्रतल, समजून उघडलं तर सगळं शंभर मीटरहून जास्त सरकतं. ही चूक फार जण करतात आणि मग उपग्रहचित्राला दोष देतात.

सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र बघा, आणि ते वर्ग अ आहे की ब हेही बघा. गाव नमुना बारामधला पीकपेरा निदान दहा वर्षांचा काढा. एखादी पट्टी वर्षानुवर्षं रब्बीत पडीक दिसत असेल तर ती पाण्याची साक्ष आहे. २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीत फोटोही असतात. हक्कांच्या रकान्यासाठी तलाठ्याकडे चौकशी करा. चराई, मासेमारी, गाळ नेणं यांची काही नोंद असली तर ती मागून घ्या.

एक राहिलं. अशा जागेत पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, तेव्हा हद्दीबाहेर पन्नास मीटरची पट्टीही नकाशावर दाखवा.

पूररेषा

गटनकाशा सर, शेवटच्या वाक्यात दुरुस्ती हवी. पन्नास मीटर पाणथळाच्या हद्दीपासून मोजायचे नाहीत. नियमातले शब्द आहेत: नियम लागू झाल्यापासून मागच्या दहा वर्षांत दिसलेल्या उच्च पूरपातळीची सरासरी, आणि तिच्यापासून पन्नास मीटर. बोटीचा धक्का तेवढा अपवाद. म्हणजे २००७ ते २०१७ या काळातली दरवर्षीची सर्वांत वरची पातळी काढून तिची सरासरी घ्यायची. हद्द आणि ही रेषा कधी जुळतात, कधी नाही. नकाशावर दोन्ही वेगळ्या रंगात दाखवा.

ही सरासरी काढणं हाच सोलापुरातला सर्वांत किचकट भाग आहे. इथे वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या पावसात पडतो. पाण्याचा पसारा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात सर्वांत मोठा असतो आणि नेमकं तेव्हा आभाळ असतं. त्यामुळे बहुतेकांच्या हाती नोव्हेंबरचं स्वच्छ चित्र लागतं. तोपर्यंत पाणी मागे गेलेलं असतं आणि रेषा आत येते.

उपग्रहचित्रांचंही गणित बघा. लँडसॅट ५ ने नोव्हेंबर २०११ मध्ये चित्रं देणं थांबवलं आणि लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये सुटला. मधल्या २०१२ च्या पावसाळ्यासाठी लँडसॅट ७ आहे, पण २००३ पासून त्याच्या चित्रात पट्ट्या गळतात. तिथे आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्याची चित्रं वापरा. सेंटिनेल-२ जून २०१५ नंतरचा. २०१२ आणि २०१५ ही दुष्काळी वर्षं. ती गाळायची नाहीत, कारण नियमात "चांगल्या पावसाची वर्षं" असा शब्द नाही. पण त्यांमुळे सरासरी खाली येते, हे टिपणीत स्पष्ट लिहा.

उपग्रहावरून पसारा मिळतो, पातळी मिळत नाही. ती ऑटो लेव्हलनेच (पातळी मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने) काढावी लागते. वरच्या पाझर तलावाच्या सांडव्याची पातळी आरेखनात लिहिलेली असते. ती संदर्भ धरा आणि पाव मीटर अंतराच्या समोच्च रेषा काढा. त्याच फेरीत बाभळीच्या बुंध्यावरचा गाळाचा डाग आणि तारेच्या कुंपणाला अडकलेला कचरा, यांची पातळीही घ्या. उतार दोनशेला एक असला तर पाव मीटरच्या चुकीने रेषा जमिनीवर पन्नास मीटर सरकते, म्हणजे अख्खा निषिद्ध पट्टाच. म्हणून फुकट मिळणाऱ्या ३० मीटरच्या उंची-नकाशावरून पूरपातळी काढू नका, त्याची उभी चूकच काही मीटरची असते. पाणलोटाची ढोबळ कल्पना यायला तो पुरतो. तरी सीना नदीच्या सपाट भागात रस्त्याच्या मोऱ्या आणि कालवे पाणी भलतीकडे वळवतात, तेव्हा प्रत्येक मोरी पायाखाली घालावी लागेल.

तुमची नकाशासंग्रहाची कडा ज्वारीत घुसली, यात नवल काही नाही. तो संग्रह १:५०,००० वर केलेला आहे आणि लिस-३ ची चौकट (पिक्सेल) साडेतेवीस मीटरची. संग्रहात जागा दाखवायची किमान २.२५ हेक्टरची मर्यादाही तिथूनच आली: त्या मापावर ३ मिलिमीटर गुणिले ३ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १५० गुणिले १५० मीटर. आपल्या भाषेत साडेपाच एकर. तुमचं साडेतीन हेक्टरचं रान साधारण गोल धरा. कडा सगळीकडून बारा मीटर, म्हणजे अर्धी चौकट, आत घेतली तर पावणेतीन हेक्टर उरतं. पंचवीस मीटर आत घेतली, म्हणजे नकाशावर अर्धा मिलिमीटर, तर दोन हेक्टरच्या आसपास येऊन २.२५ च्या खाली घसरतं. नकाशावरच्या रेघेच्या जाडीवर जागेचं भवितव्य ठरू नये, यासाठीच जागेवरची पडताळणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये २,०१,५०३ पाणथळांना संरक्षणाची तत्त्वं लावली होती. नव्या संग्रहात तो आकडा २,३१,१९५ झाला, आणि ११ डिसेंबर २०२४ च्या आदेशात त्या सगळ्यांची जागेवर पडताळणी आणि हद्दआखणी तीन महिन्यांत करायला सांगितली.

२.२५ च्या खाली गेलं म्हणजे पाणथळ नाही, असं मात्र कुणाला लिहून देऊ नका. व्याख्येत क्षेत्राची अट नाही.

काळी_चिकण

कोर्सच्या प्रश्नाला उत्तर देतो. अमेरिकेतही प्रकार एकसारखा नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये निसर्गशास्त्रज्ञांचं मंडळ पाणथळ शास्त्रज्ञांना प्रमाणपत्र देतं आणि नकाशावर त्यांचा शिक्का लागतो. व्हर्जिनियात मृदाशास्त्रज्ञ, पाणथळ व्यावसायिक आणि भूवैज्ञानिक यांचं एकच मंडळ आहे, पण तिथलं प्रमाणपत्र ऐच्छिक. मिनेसोटात जल व मृदा संसाधन मंडळ विद्यापीठाच्या साथीने परीक्षा घेतं. त्यात शिकाऊ आणि पूर्ण प्रमाणित असे दोन टप्पे आहेत. तिथेही आखलेली रेषा आपोआप अंतिम होत नाही: केंद्राच्या कायद्यापुरती लष्कराची अभियंता शाखा ठरवते आणि राज्याच्या कायद्यापुरती स्थानिक यंत्रणा.

तिथे शिकवतात ती रीत १९८७ च्या नियमपुस्तिकेतली. पाण्यात वाढणारी वनस्पती, ओली माती आणि पाण्याची खूण, तिन्ही हव्यात. शिस्त म्हणून ती शिकाच. पण ती जशीच्या तशी सोलापूरच्या काळ्या रानात लावली तर सपशेल फसाल. सगळ्यात जास्त फसवते ती माती.

तिकडे पन्नास सेंटिमीटरचा खड्डा घेऊन मन्सेलच्या रंगपट्टीवर रंग बघतात. करडा, फिका, कमी चमकीचा रंग दिसला की माती ओली. आपली कोरडी, कधी पाणी न साचलेली काळी मातीसुद्धा १० वायआर ३/१, म्हणजे गडद करडा, दाखवते. त्या हिशोबाने अख्खा मंगळवेढ्याचा ज्वारीचा पट्टा पाणथळ ठरेल. उलट खऱ्या पाणथळातले लोखंडाचे तांबूस ठिपके काळ्या रंगात दडतात. चुनखडीमुळे सामू आठच्या वर असतो, त्यामुळे लोखंडाचं रूपांतरही सावकाश होतं.

मग बघायचं काय? मुळांच्या नळ्यांभोवतीचा गंजाचा थर, आणि फोडल्यावर आतून काळी-तपकिरी निघणारी लोह-मँगनीजची बारीक गोळी. पांढरी चुनखडीची गोळी म्हणजे ती नव्हे. खड्डा पाण्याकडून कोरड्याकडे जाणाऱ्या सरळ रेषेवर दर पाच ते दहा मीटरला घ्या. अशा रेषा साडेतीन हेक्टरला निदान चार. जिथे खूण थांबते तिथे एक खड्डा आत आणि एक बाहेर अशी जोडी करा आणि दोन्ही जीपीएसवर नोंदवा. कडेची रेषा मोबाइलच्या जीपीएसने चालू नका, त्याची पाच-दहा मीटरची चूक तुमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

डायपायरिडिलची पट्टी किंवा द्रावण मिळालं तर वापरा. फेरस लोखंड असेल तर माती गुलाबी होते. माती चिंब असताना, ढेकूळ हाताने फोडून आतल्या ताज्या भागावरच लावा. फावड्याचं पातं घासलेल्या जागी लोखंडामुळे खोटा गुलाबी येतो आणि उन्हात ठेवलं तरी येतो. म्हणून सावलीत करा आणि लगेच वाचा. फेब्रुवारीत कोरड्या ढेकळावर "नाही" आलं म्हणून नाही असं लिहू नका.

पाण्याची पातळी बघायला पाइप रोवताना आणखी एक गंमत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस भेगांतून थेट खाली जातो, मग माती फुगून भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच अडून राहतं. वर चिखल, खाली कोरडं. दीड मीटरचा पाइप इथे काहीच सांगत नाही. तीस-चाळीस सेंटिमीटरचा, खालच्या भागाला चिरा पाडलेला दोन इंची पीव्हीसी घ्या. वरचे पंधरा सेंटिमीटर बेंटोनाइट किंवा मळलेल्या चिकणमातीने घट्ट लिंपा, नाहीतर पाइपाच्या कडेने वरचं पाणी उतरतं आणि पाइप भरलेला दिसतो.

तिकडचा वाढीचा हंगाम दंव आणि मातीच्या तापमानावर ठरतो. इथे वर्षभर वाढ. वाढीच्या हंगामाच्या पाच टक्के दिवस सलग पाणी हवं, या जुन्या नियमाने धरलं तरी वर्षाला अठरा दिवस सलग पाणी एवढाच अर्थ निघतो, आणि तुमच्या जागेला तो सहज लागू होतो.

वनस्पतींची तिकडे दर्जानिहाय अधिकृत यादी आहे. आपल्याकडे तशी सरकारी यादी नाही, म्हणून विचार करून लिहावं लागतं. पाणकणीस, नीरब्राह्मी, तालिमखाना, कुमुद ही भरवशाची. लव्हाळा मुळीच धरू नका, तो उसाच्या पाटातही असतो. बेशरम ओल्यातही वाढते आणि उकिरड्यावरही. हरळी, कुंदा, वेडी बाभूळ दिसली की आपण बाहेर आलो असं म्हणायचा मोह होतो, पण वेडी बाभूळ दोन महिने पाण्यात सहज उभी राहते. एका वनस्पतीवर रेषा ओढायचीच नाही.

माळरान७५

एवढं सविस्तर कुठे मिळालं नव्हतं, आभार. दोन शंका. वर पाझर तलाव आहे, म्हणजे हे पाणी मानवनिर्मित. सिंचनासाठी बांधलेलं व्याख्येतून वगळलंय ना? मग ही जागा बाद होते का? आणि पाणकणसाखाली पाणी आहे की नाही हे उपग्रहावर कळतच नाही, त्याला काय करावं?

गटनकाशा

पूररेषा यांची दुरुस्ती मान्य. "हद्दीपासून" हा शब्द चुकला.

वगळणुकीचे शब्द नीट वाचा. नदीपात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, आणि मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन, सिंचन यासाठी खास बांधलेली रचना. वगळली जाते ती रचना. तुमचं खोलगट रान कुणी बांधलेलं नाही, त्यामुळे वरच्या पाझरावर भरतं म्हणून आपोआप बाद होत नाही. कृत्रिम पाणथळही व्याख्येत आहे.

खुद्द पाझर तलावाचं काय, हा वेगळा प्रश्न. तो कागदावर ठरतो. लघुपाटबंधारे किंवा मृद व जलसंधारण खात्याकडून मूळ प्रशासकीय मान्यता काढा, हेतूच्या ओळीत काय लिहिलंय ते बघा. उजनी किंवा हिप्परग्याचा एकरूख तलाव यांचा हेतू स्पष्ट आहे. पण शहरातला सिद्धेश्वर तलाव घ्या, त्याचा हेतूचा कागद कुठून आणणार? आणि मानवनिर्मित म्हणून नाक मुरडणाऱ्यांना नांदूर मध्यमेश्वर दाखवा. बंधाऱ्यामुळे झालेली जागा, आणि महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ).

उजनीच्या काठची गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी) आणि कालव्याखालची चिबड झालेली (पाणी मुरून बिघडलेली) उसाची रानं इथे घोळ घालतात. चिबडात पाणकणीस उगवतं, माती काळीनिळी होते, सगळ्या खुणा जुळतात. शेतकरी म्हणतो निचऱ्याची चर काढा, दुसरा म्हणतो पाणथळ. अशा ठिकाणी "पाण्याचा उगम: कालव्याचा पाझर, अमुक सालापासून" एवढं पुराव्यासह लिहा आणि थांबा. कायद्याने ती पाणथळ आहे की नाही हे लिहिणं आपलं काम नाही. नकाशाकाराने निकाल दिला की त्याचा नकाशा एका पक्षाचा होतो.

पूररेषा

पाणकणसाचं: एनडीडब्ल्यूआय आणि एमएनडीडब्ल्यूआय (उपग्रहचित्रावरून पाणी ओळखायचे निर्देशांक) दोन्ही तिथे हिरवळच वाचतात, पाणी वाचत नाहीत. उलट ओली काळी नांगरट आणि ढगाची सावली यांना पाणी समजतात, म्हणून शून्याचा उंबरठा डोळे झाकून लावू नका. सेंटिनेल-१ च्या रडारवर पाण्यात उभी वनस्पती कधी उजळ दिसते, पण दाट पाणकणसात तेही भरवशाचं नाही. सोपा उपाय वेळेचा आहे. मेमधलं चित्र आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चित्र शेजारी ठेवा. चोहीकडे सगळं करपलेलं असताना मेमध्येही हिरवा राहणारा पट्टा हा तुमचा उमेदवार. मग त्याच पट्ट्यात चालत जा, काठीने खोली मोजा.

ज्वारीची कडही कामाची आहे. पाणी हटेल तशी पेरणी खाली सरकते, त्यामुळे जानेवारीत सर्वांत खालचे तास बुटके आणि उशिरा निसवलेले असतात. ती रेघ बहुधा ऑक्टोबरातल्या पाण्याच्या कडेशी जुळते.

काळी_चिकण

पाणकणसात उतरताना गुडघ्याच्या वर बूट घाला आणि एकटे जाऊ नका. काळ्या चिखलात पाय रुतला की ओढून निघत नाही, आडवं होऊन काढावा लागतो. खड्ड्यांचे फोटो घेताना पट्टी मातीला टेकवून ठेवा, गट नंबर आणि तारीख पाटीवर लिहून चौकटीत घ्या, आणि काम झालं की खड्डे बुजवा. तिथे म्हशी चरतात.